फोर्ड ‘ए’चे इंजिन बांधून झाल्यावर

जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याला लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. अशा ठिकाणी लोक रंग बघतात, दिवे बघतात, गाडीशेजारी उभे राहून फोटो काढतात. पण गाडी स्वतः चालत आली की ट्रकमधून उतरवली, हे फारसे कुणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे. जुने इंजिन खोलून पुन्हा बांधले की पहिल्या तासाभरातच ते टिकणार की जाणार, हे बहुतेक ठरते.

उदाहरण म्हणून फोर्डचे ‘मॉडेल ए’ घेऊ. डिसेंबर १९२७ मध्ये ही गाडी आली आणि १९३१ अखेरपर्यंत चाळीस लाखांहून अधिक निघाल्या. तेव्हा आपल्याकडेही मोटारीचा धंदा मूळ धरत होता. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. ‘ए’चे इंजिन चार सिलिंडरचे, ३.३ लिटरचे, ४० अश्वशक्तीचे. ब्लॉकवर ठोकलेला नंबर हाच गाडीचा नंबर आणि तोच चासीवरही. म्हणजे ब्लॉक तडकला तर गाडीची ओळखच गेली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असले तरच.

आता बिघाडांकडे येऊ. बरेचसे बिघाड सुट्या भागांचे नसतात, आजच्या सवयीचे असतात.

इंजिन सुरूच होत नाही, कार्बुरेटरमधून फटफट आवाज येतो. मेकॅनिक हाताच्या सवयीने प्लगच्या वायरी १-३-४-२ लावून मोकळा होतो. या इंजिनाचा क्रम आहे १-२-४-३. बॅटरी ६ व्होल्टची आणि तिची पॉझिटिव्ह बाजू अर्थला. तीही हमखास उलटी जोडली जाते.

सेल्फ मारला तरी इंजिन जड फिरते. इथे बॅटरी बदलण्याआधी हँडल लावून बघावे. बेअरिंग व्हाइट मेटलचे, म्हणजे ओतून मग कापून बसवलेले. त्यात साधारण एक ते दीड हजारांश इंच फट लागते आणि ती पातळ शिम घालून-काढून जमवावी लागते. हँडलनेही फिरत नसेल तर फट कमी राहिली आहे. ‘चालवली की सैल होईल’ म्हणून गाडी ओढून सुरू केली, की तो मऊ धातू वितळलाच म्हणून समजा.

इंजिन तापते, पाणी उकळते. सगळे रेडिएटरला दोष देतात. आधी टायमिंग बघावे. स्टिअरिंगजवळची ठिणगीची दांडी सुरू करताना वर असते आणि गाडी चालू लागली की खाली ओढायची असते. ती वरच राहिली किंवा टायमिंग मागे पडले, तर एक्झॉस्ट लाल होईपर्यंत तापतो. टायमिंग जमवायची सोय फोर्डनेच करून ठेवली आहे: पुढच्या झाकणातली पिन काढून उलटी घालायची, हँडल हळूहळू फिरवायचे, कॅमच्या गिअरवरच्या खळग्यात पिन बसली की एक नंबरचा पिस्टन वर आला. दांडी पूर्ण वर ठेवून त्याच क्षणी पॉइंट उघडू लागले पाहिजेत.

ऑइलचे प्रेशर दिसत नाही म्हणून घाबरू नये. या गाडीला प्रेशरचा गेजच नाही. पंप ऑइल वर व्हॉल्व्हच्या कप्प्यात चढवतो, तिथून ते आपल्या वजनाने मेन बेअरिंगांवर उतरते. रॉडच्या टोपीवरचे छोटे चमचे खालच्या पन्हळीतले ऑइल उचलतात. हे चमचे कॅमशाफ्टच्या बाजूला तोंड करूनच बसले पाहिजेत. उलटे बसले तर रॉडचे बेअरिंग कोरडे पडते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. मागच्या मेन बेअरिंगला रबरी सील नाही. तिथून चार थेंब पडणारच.

टकटक येऊ लागली तर एकेक प्लग बंद करून ऐकावे. जो बंद केल्यावर आवाज दबतो, त्याच सिलिंडरचा रॉड बहुधा सैल असतो. तेव्हा गाडी पुढे न्यायची नाही, तळ उघडायचा.

थंड असताना उत्तम आणि तापल्यावर बंद, हा बरेचदा कंडेन्सरचा दोष असतो. पेट्रोल टाकीतून उताराने येते, पंप नाही. त्यामुळे टाकीतला गंज किंवा झाकणाचे बुजलेले भोकही हाच खेळ करते.

हे सगळे एकेकाळी मिस्त्रींच्या कानात आणि बोटांत होते. व्हाइट मेटल ओतणारे हात आता शोधावे लागतात. म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी इंजिन बांधताना एक वही ठेवावी: कुठे किती शिम, किती फट, कुठला भाग मूळचा, कुठला नवा. काढलेले जुने तुकडे भंगारात न देता चिठ्ठी लावून ठेवावेत. पुढच्या पिढीत तेच इंजिन उघडणाऱ्या माणसाला ती वहीच वाट दाखवेल.