गुग्गुळ: ग्रंथातून प्रयोगशाळेत

दिल्लीहून जयपूरकडे जाताना मानेसर लागते. आज ते कारखान्यांसाठी ओळखले जाते. परंतु त्याच्या पाठीशी अरवलीचे खडकाळ, काटेरी झुडपांचे डोंगर उभे आहेत. ही रांग नैर्ऋत्येस राजस्थानात उतरते, तेथील कोरडी, पाषाणमय भूमी हे गुग्गुळाचे माहेर होय. देवापुढे धूप म्हणून जळणाऱ्या या डिंकाकडे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया औषध म्हणून पाहू लागल्या, त्यामागे मोठा इतिहास आहे.

स्त्रीचे रज बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नासाव्या वर्षी क्षय पावते, असे सुश्रुतसंहिता सांगते. मेदाने शरीरातील मार्ग कोंडतात, हे मेदोरोगाचे वर्णनही तीत आहे आणि त्यावर गुग्गुळ सांगितला आहे. या दोहोंची सांगड मात्र आधुनिक शास्त्राने घातली. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन ओसरते. मग यकृत रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल पूर्वीइतके उचलीत नाही आणि ते वाढते.

काशी हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी हे जुने वर्णन गांभीर्याने वाचले. १९६६ च्या त्यांच्या प्रबंधात सशांवरील प्रयोग आहेत: गुग्गुळाने त्यांचे वाढलेले कोलेस्टेरॉल उतरले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सुखदेव आणि त्यांचे सहकारी पाटील व नायक यांनी त्या डिंकाचे रसायन उलगडले. त्यांचा निबंध १९७२ चा. लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेने त्यापासून ‘गुग्गुलिपिड’ सिद्ध केले आणि १९८० च्या दशकात ते बाजारात आले.

२००२ साली अमेरिकेत १६,६०८ रजोनिवृत्त स्त्रियांवरील संप्रेरकांची चाचणी अपायामुळे मुदतीआधीच थांबवावी लागली. साहजिकच वनौषधींचे आकर्षण वाढले. पण पुढच्याच वर्षी पेनसिल्वेनियात १०३ स्त्रीपुरुषांना आठ आठवडे गुग्गुळ किंवा नुसतीच नकली गोळी देऊन पाहिले, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी चढले; काहींच्या अंगावर पुरळही उठले. यात सुश्रुताचा पराभव पाहणे उतावळेपणाचे होईल. मेदोरोग म्हणजे कोलेस्टेरॉल, हे समीकरण आपले आहे, त्याचे नव्हे.

दरम्यान झाडाचे मात्र हाल झाले. डिंक अधिक मिळावा म्हणून खोल घाव घातले, तर हे मंद वाढणारे झुडूप वाळून जाते. २०१५ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत झाली.