ताठ कणा, वाकणारा कणा

मराठीत कणा ताठ असावा लागतो. 'मोडेन पण वाकणार नाही' हे आपल्याकडे दूषण नसून भूषण आहे, आणि नाशिकच्या वाचकाला तर हा शब्द ऐकताच कुसुमाग्रजांची त्याच नावाची कविता आठवते. शरीरातला कणा मात्र या रूपकाला फारसा जुमानत नाही. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत त्यात 23 गाद्या आहेत, त्या केवळ भार पेलण्यासाठी नव्हेत, वाकण्यावळण्यासाठीही. आम्हां साहित्याच्या माणसांना या विषयात रस वाटला तो इथेच: शल्यचिकित्सेनेही दीर्घकाळ कवींचीच बाजू घेतली होती.

1911 साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड अल्बी यांनी, स्वतंत्रपणे, मणके हाडानेच एकमेकांशी सांधून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढे झिजलेल्या गादीच्या दुखण्यावरही हाच उपाय रूढ झाला. दुखणारा सांधा हलेनासा करायचा. हलणे थांबले की दुखणेही थांबेल, ही त्यामागची अपेक्षा. पण एक सांधा गोठवला की शेजारच्या सांध्यांवर ताण वाढतो, ही शंका हळूहळू बळावत गेली.

गादीच्या जागी दुसरी, हलणारी गादी बसवावी हा विचार त्यातून आला. स्वीडनचे उल्फ फर्नस्ट्रोम यांनी 1960च्या दशकात तिथे पोलादी गोळी बसवून पाहिली. गोळ्या मणक्यांच्या हाडात रुतू लागल्या आणि ती पद्धत मागे पडली. 1980च्या दशकात पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात कुर्ट शेलनाक आणि कारीन ब्यूटनर-यान्झ यांनी धातूच्या दोन तबकड्यांमध्ये सरकणारा प्लास्टिकचा गाभा अशी रचना केली. 1984 साली ती प्रथम रुग्णाच्या पाठीत बसवली गेली. या ब्यूटनर-यान्झ म्हणजे 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकलेल्या कारीन यान्झ. लवचिक पाठीचे मोल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार. अमेरिकेत या गादीला 2004 साली मान्यता मिळाली. तिथल्या चाचणीने सिद्ध केले ते एवढेच की ही शस्त्रक्रिया मणके सांधण्यापेक्षा कनिष्ठ नाही. नव्याची थोरवी 'जुन्याहून वाईट नाही' अशा नकारार्थी वाक्यात मांडली जाते, हे आमच्यासारख्या भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवण्यासारखे आहे.

पण कण्यात एक सांधा असा आहे की जिथे बदलायला गादीच नाही. मानेचा पहिला मणका, ॲटलास, दुसऱ्यावर गादीविना फिरतो. 'नाही' म्हणताना आपण मान हलवतो ती मुख्यतः याच सांध्यात. मानेचे जवळजवळ निम्मे वळणे त्याच्याकडे आहे. तो निसटला तर मज्जारज्जूवर दाब येतो आणि हातपायच नव्हे, श्वासही धोक्यात येतो. इथे स्थैर्य हवेच. पूर्वी ते तारांनी बांधून आणले जाई, पुढे दोन्ही मणक्यांतून आरपार जाणारे स्क्रूही आले.

या सांध्याच्या इतिहासात मुंबईचे परळ येते. तिथल्या के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेले शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तेथे मेंदूशल्यविशारद अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भागांत वेगवेगळे स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत सुरू केली. सांधा उघडायचा, त्यातली कूर्चा खरवडायची, आत हाडाचे तुकडे भरायचे. मेंदूकडे रक्त नेणारी धमनी तिथे हाडाला वळसा घालून जाते, त्यामुळे स्क्रूची दिशा चुकून चालत नाही. गोयल आणि लाहेरी यांचा लेख 1994 साली 'अ‍ॅक्टा न्यूरोकिरुर्जिका' या युरोपीय नियतकालिकात आला.

सात वर्षांनी, 2001 मध्ये, जर्मनीच्या युर्गेन हार्म्स आणि मेल्शर यांचा लेख 'स्पाइन'मध्ये आला. स्क्रूच्या जागांची कल्पना तीच. पट्टीऐवजी दांडी, आणि स्क्रूचे डोके हवे तसे वळणारे. सांधा उघडण्याचीही गरज उरली नाही. सुधारणा खऱ्या होत्या. दांडी जुळवणे पट्टीपेक्षा सोपे होते आणि पद्धत जगभर पसरली ती याच रूपात. पण तिच्याबरोबर नावही पसरले, 'हार्म्स तंत्र'. साहित्यात मूळ संहिता आणि तिची गाजलेली रंगावृत्ती यांत आपण फरक करतो. कर्तृत्व दोघांचेही मानतो, पण मूळ लेखकाला वगळत नाही. वैद्यकाच्या ग्रंथांनीही हळूहळू ते केले. 'गोयल-हार्म्स' हे जोडनाव रूढ होत गेले, तरी एकट्या हार्म्सच्या नावाने लिहिणारे आजही भेटतात.

हार्म्स-मेल्शर यांच्या लेखात 37 रुग्ण होते. 2002 साली गोयल आणि सहकाऱ्यांनी परळच्या पद्धतीचा वृत्तान्त 'न्यूरोसर्जरी'मध्ये छापला, तो 160 रुग्णांचा होता.