फुप्फुसावरणातील पू आणि त्याचे जंतू
जून १९१८ मध्ये मुंबईत उतरलेली इन्फ्लुएंझाची साथ शरदात दख्खनभर पसरली. कागल तेव्हा कोल्हापूर संस्थानातील घाटग्यांची जहागीर होती. अशा गावी ज्वरामागून फुप्फुसावरणात साठलेला पू तपासणार कोण? ती तपासणी घडली अमेरिकी लष्करी छावण्यांत. तेथे रक्तपेशी फोडणारा स्ट्रेप्टोकोकस आढळला. घाईने छाती छेदण्याच्या प्रघातात सुमारे ३० टक्के रोगी दगावत. आधी पू सुईने ओढावा, छेद मागाहून द्यावा, हा एव्हर्ट्स ग्रॅहॅम प्रभृतींचा निर्णय जंतूच्या नावाहून मोलाचा ठरला; मृत्यूंचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले. पुढे पेनिसिलिनने स्ट्रेप्टोकोकस हटविला, तर १९५० नंतर रुग्णालयांत स्टॅफिलोकोकस माजला. त्यामागून क्लेब्सिएला व सूडोमोनास आले. आपल्याकडील क्षयजंतू मात्र हटला नाही.