पांढरी, काळी आणि ई-क्लास

रिसोडहून कोणत्याही वाटेने बाहेर पडावे, वऱ्हाडी खेड्याची जुनी ठेवण अजूनही नजरेस पडते. उंचवट्यावर दाटीने बसलेली घरे, सभोवार काळी शेती आणि कडेला मुरमाड, गवताळ, कोणाचेच नसावे असे भासणारे रान. आपल्या पूर्वजांनी वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हटले, पिकाच्या जमिनीला काळी आणि गुरांच्या जमिनीला गायरान. मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या, खचल्या, त्यांच्यावर नव्या उभ्या राहिल्या. चुलींची राख त्यांत मिसळत गेली आणि जमीन फिकट झाली, ती पांढरी.

ही रचना कोणी निसर्गप्रेमाने केली नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही. शिवाय पेंढाऱ्यांच्या काळात एकट्यादुकट्या घराला रात्र वैऱ्याची असे; म्हणून गढी आणि गावकूस. परंतु सोय आणि भय यांच्या पोटी जे जन्मले, त्यातून सुपीक माती वाचली आणि मोकळे रानही वाचले.

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. 1861 पासून मुंबई पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली आणि शेताशेताला नंबर मिळाला. पुढे वर्गवारी होत होत गावाच्या चराईसाठी राहिलेली सरकारी जमीन ‘ई-क्लास’ ठरली. गोऱ्या साहेबाचे लक्ष सारावसुलीकडे होते. पण त्याने ओढलेली रेषा आपल्या तलाठ्याच्या दप्तरात आजही जिवंत आहे, आणि इंग्रजी न शिकलेला गुराखीही तो शब्द सहज वापरतो. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गावठाणाची हद्द ठरविण्याची आणि गायरान राखून ठेवण्याची तरतूद कायम ठेवली.

या गवताळ रानांना पडीक म्हणणे ही मोठी चूक आहे. काळवीट, लांडगा, तणमोर यांना घनदाट अरण्य नको, असेच उघडे माळ हवेत. आपल्याच जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य 2000 साली काळविटांसाठी घोषित झाले. अकोला-वाशीम भागातील फासेपारधी बांधवांनी, ज्यांचा पिढीजात धंदा शिकारीचा, ‘संवेदना’ संस्थेच्या साथीने गवताची राने राखली आहेत, हे तर विशेषच.

अमेरिकेतील नियोजनकार रॅन्डल आरेंट यांनी 1990 च्या दशकात मांडले की खेड्यात वसाहत आखताना आधी राखावयाची जमीन ठरवावी, मग घरे, मग रस्ते आणि सर्वांत शेवटी प्लॉटच्या रेषा. आपल्याकडे आज नेमके उलटे चालते. काळ्या शेतात प्रथम चुन्याने प्लॉट पडतात, मग रस्ता येतो आणि मोकळी जागा कागदावर राहते. बायबलच्या वाचकाला आरेंटचा विचार परका वाटू नये. गणना ग्रंथाच्या 35 व्या अध्यायात लेव्यांच्या नगरांभोवती, तटापासून हजार हात, गुरांसाठी शिवार सोडण्याची आज्ञा आहे. आणि लेवीय 25 मध्ये ते शिवार विकण्यास मनाई आहे. नगरातील घर विकता येई, शिवार नाही.

वसईच्या वाचकांना हा प्रश्न सांगावयास नको. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी लोक रस्त्यावर उतरले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्यांना वाणी दिली. तेथील वाडीत घर आणि झाड एकत्र नांदत होते. वऱ्हाडात ते वेगवेगळे नांदले, एवढाच फरक.

परंतु येथे एक अडचण आहे आणि ती मला टाळता येत नाही. गावकुसाच्या आत सर्वांना जागा नव्हती. ज्यांना गावाने बाहेर ठेवले, त्यांच्या वाट्याला ना पांढरी आली ना काळी. 1964 च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले, तेव्हा मागणी पडीक जमिनीचीच होती. ई-क्लासवर कूड घालून राहणाऱ्या आजच्या कुटुंबाला ‘हरणांसाठी ऊठ’ असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास सांगितले, तेही न्याय्य कारणाने. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर गायरानातील घरांना नोटिसा आल्या, तेव्हा सर्वाधिक धास्तावला तो ज्याला दुसरे छप्पर नव्हते तोच. ज्याने गायरानात सोयाबीन पेरले आणि ज्याने तेथे चूल मांडली, या दोघांना एकाच नोटिशीने हाकणे मला पटत नाही.

आणि याच वेळी पांढरी मात्र ओस पडत आहे. घरभेटीला जावे तर गल्लीत दोन घरांत दिवा आणि तिसऱ्या जागी ढासळलेला वाडा, आत बाभूळ. मालक पुण्याला, वारस डझनभर, वाटणी रखडलेली. गावाच्या मधोमध पाण्याचा नळ, विजेचा खांब, शाळा, सारे असताना नवे घरकुल मात्र दोन मैलांवरच्या माळावर! 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका तयार होत आहेत. या नकाशांत कोणते वाडे पडके आहेत, हे कोणत्याही ग्रामसभेला बोट ठेवून दाखविता येईल. वारसांशी बोलून, मोबदला देऊन, त्यांतील चार जागा गावाच्या भूमिहीनांना मिळाल्या, तर गायरानातील तेवढ्या चुली कोणाला न उठविता गावात येतील. जुने गावकूस ज्यांना आत घेत नव्हते, त्यांना आता आत बोलावण्याचा हा विषय आहे, आणि तेथे सर्वांत जास्त कुरकुर कोठून येईल हेही आपल्याला ठाऊक आहे.