आयर्लंडमधील लोककला व लोकमाध्यमे : बंदीपासून मान्यतेपर्यंतचा प्रवास

१४ फेब्रुवारी १९८१ रोजी पहाटे डब्लिनच्या आर्टेन भागातील 'स्टारडस्ट' या नृत्यगृहाला आग लागून ४८ जण मृत्युमुखी पडले. मृतांपैकी बहुतेक तरुण होते आणि शहराच्या उत्तर भागातील कामगार वस्त्यांमधून आले होते. आग बहुधा कोणी तरी हेतुपुरस्सर लावली असावी, असा निष्कर्ष चौकशी न्यायाधिकरणाने १९८२ मध्ये काढला. मृतांच्या कुटुंबीयांनी तो कधीही स्वीकारला नाही. लोकगायक क्रिस्टी मूर यांनी १९८५ मध्ये 'दे नेव्हर केम होम' हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि नृत्यगृहातून बाहेर पडण्याच्या दरवाजांविषयी वस्तीत उघडपणे बोलले जाणारे त्यात मांडले. त्या गीताने न्यायालयाचा अवमान होतो, असा निर्णय झाला. ध्वनिमुद्रिका बाजारातून परत घेण्यात आली आणि ते गीत वगळूनच पुन्हा विक्रीस आली.

१८ एप्रिल २०२४ रोजी नव्या मृत्युचौकशीतील ज्यूरीने सर्व ४८ जणांचा मृत्यू बेकायदा कृतीमुळे झाल्याचा निर्णय दिला. कुलूपबंद किंवा अडवलेले दरवाजे हे मृत्यूंचे एक कारण असल्याचेही ज्यूरीने नमूद केले. पाच दिवसांनी पंतप्रधान सायमन हॅरिस यांनी संसदेत शासनाच्या वतीने कुटुंबीयांची माफी मागितली. गीत आणि निर्णय यांत ३९ वर्षांचे अंतर होते.

आयर्लंडच्या गेल्या अर्धशतकातील लोककला आणि लोकमाध्यमांचा इतिहास बऱ्याच अंशी या एका घटनेत सामावलेला आहे. अधिकृत व्यासपीठावर ज्यांना स्थान नव्हते, त्यांनी गाणे, भिंत, रंगमंच आणि विनापरवाना नभोवाणी यांचा आधार घेतला. त्यांपैकी काही उपक्रम आरंभी बेकायदा ठरले आणि कालांतराने शासनाने तेच मान्य केले.

पार्श्वभूमी

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. बेटाचा मोठा भाग पुढे स्वतंत्र प्रजासत्ताक झाला, तर ईशान्येकडील सहा परगणे 'उत्तर आयर्लंड' या नावाने ब्रिटनमध्ये राहिले. उत्तरेत ब्रिटनशी एकनिष्ठ असलेला, प्रामुख्याने प्रोटेस्टंट समाज बहुसंख्य होता. संयुक्त आयर्लंडची आकांक्षा बाळगणारा, प्रामुख्याने कॅथलिक समाज घरे, नोकऱ्या आणि मताधिकार यांबाबत भेदभावाची तक्रार करीत होता. १९६० च्या दशकाअखेर नागरी हक्कांचे आंदोलन उभे राहिले आणि त्याचे पर्यवसान सशस्त्र संघर्षात झाले. १९९८ च्या शांतता करारापर्यंत या संघर्षात सुमारे ३,५०० लोकांचा बळी गेला.

नभोवाणीच्या लहरींवरील चळवळ

दक्षिणेकडील प्रजासत्ताकात आयरिश ही राज्यघटनेनुसार प्रथम राजभाषा आहे. तरीही पश्चिम किनाऱ्यावरील ज्या दुर्गम भागांत ती दैनंदिन व्यवहारात बोलली जाते, तेथील लोकांना १९६० च्या दशकात स्वतःच्या भाषेतील प्रसारणसेवा नव्हती. रोजगाराअभावी स्थलांतर वाढत होते. १९६९ मध्ये या भागातील तरुणांनी नागरी हक्क चळवळ स्थापन केली. १९७० च्या ईस्टरमध्ये चळवळीच्या कार्यकर्त्यांनी कोनामारातील रॉसमक या गावातून 'सीर रेडिओ कोनामारा', म्हणजेच 'मुक्त कोनामारा नभोवाणी', हे विनापरवाना केंद्र काही दिवस चालवले.

प्रसारणाचा पल्ला मर्यादित होता. त्याचा परिणाम मात्र दूरवर झाला. साध्या साधनांनी गावकरी जे करू शकतात, ते शासनाला का करता येत नाही, हा प्रश्न टाळणे अवघड झाले. अवघ्या दोन वर्षांत, २ एप्रिल १९७२ रोजी, 'रेडिओ ना गेलटाख्टा' ही आयरिश भाषेतील अधिकृत नभोवाणी सुरू झाली. दूरचित्रवाणीसाठीही असाच लढा द्यावा लागला आणि १९९६ मध्ये स्वतंत्र आयरिश वाहिनी अस्तित्वात आली. आज ती 'टीजी फोर' या नावाने ओळखली जाते.

आवाजावरील बंदी

उत्तरेतील संघर्ष पेटला तसे दोन्ही सरकारांचे प्रसारणावरील नियंत्रण कडक झाले. आयरिश सरकारने १९७१ मध्ये प्रसारण कायद्याच्या कलम ३१ अन्वये पहिला प्रतिबंधात्मक आदेश काढला. पुढील वर्षी राष्ट्रीय प्रसारणसंस्थेचे संपूर्ण संचालक मंडळच बरखास्त करण्यात आले. हे निर्बंध जानेवारी १९९४ पर्यंत टिकले. ब्रिटनने ऑक्टोबर १९८८ मध्ये ठरावीक संघटना व त्यांच्या समर्थकांच्या आवाजाच्या प्रसारणास बंदी केली. त्यामुळे दूरचित्रवाणीवर एखाद्या निर्वाचित खासदाराचा चेहरा दिसे. परंतु त्याचे शब्द एखादा अभिनेता उच्चारत असे. ही बंदी सप्टेंबर १९९४ मध्ये उठली.

निर्बंधांची झळ ब्रिटनमधील आयरिश स्थलांतरितांच्या संगीतालाही बसली. १९७४ मधील बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत २१ जण ठार झाले होते. या प्रकरणी सहा आयरिश पुरुषांना जन्मठेप झाली. त्यांच्यावर अन्याय झाल्याचे सांगणारे गीत लंडनमधील 'द पोग्ज' या वाद्यवृंदाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केले आणि ब्रिटनच्या स्वतंत्र प्रसारण प्राधिकरणाने त्याच्या प्रसारणास मनाई केली. मार्च १९९१ मध्ये अपील न्यायालयाने सहाही जणांची शिक्षा रद्द केली. तोपर्यंत त्यांनी १६ वर्षे तुरुंगात काढली होती.

भिंतींची भाषा

उत्तर आयर्लंडमध्ये भित्तिचित्रांची परंपरा प्रथम ब्रिटननिष्ठ समाजात रुजली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून बेलफास्टमधील त्यांच्या वस्त्यांत अश्वारूढ राजा विल्यम याची चित्रे रंगवली जात. राष्ट्रवादी समाजाच्या भिंती मोठ्या प्रमाणावर रंगू लागल्या त्या १९८१ च्या उपोषणांनंतर. राजकीय कैद्यांचा दर्जा मिळावा, या मागणीसाठी केलेल्या या उपोषणात दहा कैद्यांचा मृत्यू झाला. त्यांपैकी बॉबी सँड्स उपोषणादरम्यान ब्रिटिश संसदेवर निवडून आले होते. ५ मे १९८१ रोजी, उपोषणाच्या ६६ व्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्या वेळी भारतात राज्यसभेतील विरोधी सदस्यांनी एक मिनिट उभे राहून त्यांना श्रद्धांजली वाहिली होती.

डेरी शहरातील बॉगसाइड ही वस्ती या परंपरेचे दुसरे केंद्र आहे. 'आता आपण मुक्त डेरीत प्रवेश करीत आहात', अशा अर्थाची ओळ १९६९ च्या जानेवारीत तेथील एका घराच्या भिंतीवर लिहिली गेली. घरे पाडली गेली, तरी ती भिंत आजही उभी आहे. याच वस्तीत ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्क मोर्चावर गोळीबार केला. त्यात १३ जण ठार झाले व एक जखमी पुढे दगावला. पहिल्या न्यायालयीन चौकशीने सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त ठरवले. वस्तीने तो निष्कर्ष नाकारला. १९९४ पासून तीन स्थानिक चित्रकारांनी रॉसव्हिल स्ट्रीटवर बारा भव्य भित्तिचित्रे काढली आणि त्या दिवसाची स्मृती भिंतींवर जिवंत ठेवली. जून २०१० मध्ये दुसऱ्या चौकशीचा अहवाल आला. गोळीबार असमर्थनीय होता, हे मान्य करून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी माफी मागितली.

या चित्रांपैकी एक १९७१ मध्ये गोळी लागून मृत्यू पावलेल्या चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचे आहे. तिच्याशेजारी एक बंदूक आणि वर एक फुलपाखरू आहे. आरंभी बंदूक अखंड होती आणि फुलपाखराला रंग नव्हता. शांतता प्रक्रिया स्थिरावल्यानंतर चित्रकारांनी बंदूक मोडलेली दाखवली आणि फुलपाखरात रंग भरले.

भिंतींचा वापर केवळ दुबळ्यांच्या गाऱ्हाण्यासाठी झाला, असे मात्र नाही. दोन्ही समाजांतील सशस्त्र संघटनांनी आपल्या टापूची हद्द दाखवण्यासाठी आणि धाक बसवण्यासाठीही भित्तिचित्रे काढली. मुखवटाधारी बंदूकधाऱ्यांच्या चित्रांखाली राहणाऱ्या कुटुंबांना त्याविषयी कोणी विचारले नव्हते. २००६ पासून कला मंडळाच्या योजनेतून अशा काही चित्रांच्या जागी रहिवाशांच्या संमतीने नवी चित्रे आली.

वस्तीचे वृत्तपत्र, नाटक आणि उत्सव

विनाचौकशी स्थानबद्धतेविरुद्धच्या आंदोलनातून १९७२ मध्ये पश्चिम बेलफास्टमध्ये 'अँडरसनस्टाउन न्यूज' हे पत्र निघाले. स्थानिक प्रतिकार समितीच्या या पत्रकाचे पुढे नियमित वृत्तपत्रात रूपांतर झाले.

१९८३ मध्ये बेलफास्टमधील पाच बेरोजगार अभिनेत्रींनी 'शॅराबँग' ही नाट्यसंस्था स्थापन केली. त्यांचे पहिले नाटक १९११ मधील तागाच्या गिरण्यांतील स्त्री-कामगारांच्या संपावर आधारलेले होते. त्यासाठी त्यांनी वृद्ध गिरणी कामगार स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. नाटकाचे प्रयोग दोन्ही समाजांच्या वस्त्यांमध्ये झाले. धर्माच्या रेषेवर विभागलेल्या शहराला त्याने कष्टाच्या सामाईक इतिहासाची आठवण करून दिली.

मार्च १९८८ मध्ये पश्चिम बेलफास्टमध्ये अंत्ययात्रांच्या वेळीच हत्या घडल्या आणि जगभरच्या वृत्तपत्रांत या भागाची प्रतिमा हिंसेशी जोडली गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रहिवाशांनी 'फेला अन फोबिल', अर्थात 'लोकोत्सव', सुरू केला. स्थानबद्धतेच्या स्मृतिदिनी पेटणाऱ्या होळ्या आणि दंगलींना पर्याय देणे, हाही त्यामागील हेतू होता. आज त्यात संगीत, नाटक, व्याख्याने आणि प्रतिस्पर्धी राजकीय नेत्यांचे जाहीर वादसंवाद होतात.

भाषा आणि नवी पिढी

उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश भाषेला दीर्घकाळ शासकीय आश्रय नव्हता. १७३७ च्या एका कायद्याने न्यायालयात इंग्रजीखेरीज अन्य भाषेस मनाई होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बेलफास्टमधील काही कुटुंबांनी शॉज रोडवर स्वतःची आयरिशभाषक वसाहत उभारली आणि १९७१ मध्ये नऊ मुलांची शाळा काढली. १९८४ मध्ये 'ला' हे आयरिश वृत्तपत्र निघाले. विनापरवाना सुरू झालेल्या 'रेडिओ फॉल्चा'ला २००६ मध्ये परवाना मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये मुलांच्या भाषाशिबिरासाठीचे ५०,००० पौंडांचे अनुदान रद्द झाले. निर्णय लवकरच मागे घेण्यात आला. परंतु त्यातून पेटलेल्या आंदोलनाने भाषा कायद्याच्या मागणीस बळ दिले. डिसेंबर २०२२ मध्ये आयरिशला अधिकृत मान्यता देणारा कायदा झाला आणि १७३७ चा कायदा रद्द ठरला. २०२१ च्या जनगणनेनुसार उत्तर आयर्लंडमधील १२.४ टक्के लोकांना आयरिश काही प्रमाणात तरी अवगत आहे.

'नीकॅप' ही रॅप त्रयी याच वातावरणातून आली. २०१७ मधील त्यांच्या पहिल्या गीताच्या आयरिश शीर्षकाचा अर्थ 'हक्क' असा आहे. त्यांच्यावरील चित्रपटाला २०२५ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी खासदारांच्या हत्येस चिथावणी देणाऱ्या जुन्या विधानाची चित्रफीत समोर आल्यानंतर त्यांना हत्या झालेल्या दोन खासदारांच्या कुटुंबीयांची माफी मागावी लागली. एका सदस्यावर दहशतवादविरोधी कायद्याखाली ठेवलेला आरोप त्याने नाकारला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने तांत्रिक कारणास्तव तो खटला फेटाळला.

मान्यतेची किंमत

परवाना आणि अनुदान मिळाल्यानंतर लोकमाध्यमांपुढे वेगळा प्रश्न उभा राहतो. 'ला' हे वृत्तपत्र कोणत्याही बंदीने थांबले नाही. सार्वजनिक निधी थांबल्याने ते डिसेंबर २००८ मध्ये बंद पडले. 'नीकॅप'ला मंजूर झालेले १४,२५० पौंडांचे अनुदान ब्रिटिश मंत्र्यांनी २०२४ मध्ये रोखले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयात तो निर्णय बेकायदा असल्याचे सरकारने मान्य केले आणि रक्कम दिली.

त्रयीने ती रक्कम स्वतःकडे ठेवली नाही. बेलफास्टमधील दोन युवक संस्थांना ती समसमान वाटण्यात आली. त्यांपैकी एक राष्ट्रवादी वस्तीतील, तर दुसरी ब्रिटननिष्ठ वस्तीतील आहे.