आडवा गेम, उभा स्क्रीन : करंजी फोनची गोष्ट

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही. आज इतिहास आहे एका फसलेल्या मशीनचा आणि त्यावरच्या एका यथातथा गेमचा.

गणपतीला पोलादपूरला घरी गेलो होतो. माळ्यावरून मखराचं सामान काढताना बिस्किटांच्या डब्यात नोकियाचा एन-गेज सापडला. तुमच्यातल्या अनेकांनी तो पाहिलाही नसेल. आकार करंजीसारखा, मधे उभा स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. फोन आणि गेम कन्सोल एकातच. बॅटरी फुगलेली होती, पण त्याला बीएल-५सी लागते, आणि ती आजही एफएमच्या डब्यांसाठी बाजारात मिळते. शेजारून जाड पिनचा जुना चार्जर आणला आणि गडी चालू झाला! आत ‘सॉनिक एन’चं कार्ड तसंच होतं.

आता थोडा इतिहास. ७ ऑक्टोबर २००३ ला एन-गेज बाजारात आला. तेव्हा मोबाइलमध्ये नोकियाचं राज्य होतं आणि हातातल्या गेममध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयचं. नोकियाचा हिशोब सरळ होता: पोरं खिशात दोन मशीन ठेवतात, मग एकच का नको? पण अमेरिकेत एन-गेज २९९ डॉलरला, तर गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी शंभराच्या आत. गेम बदलायचा तर मागचं झाकण काढा, बॅटरी काढा, मग कार्ड बदला. बोलायचं तर फोनची कड कानाला लावा. इंटरनेटवर लोकांनी भरपूर खिल्ली उडवली. २००४ मध्ये ‘क्यूडी’ मॉडेल आणून या दोन्ही चुका सुधारल्या, पण तोवर नाव खराब झालं होतं.

आणि गेम? ‘सॉनिक एन’ म्हणजे २००१चा ‘सॉनिक अ‍ॅडव्हान्स’, गेम बॉयवरून इकडे आणलेला. मूळ स्क्रीन आडवा, २४० बाय १६० पिक्सेल. एन-गेजचा उभा, १७६ बाय २०८. म्हणजे रुंदीतले ६४ पिक्सेल गेले. आणि सॉनिक धावतो कुठे? उजवीकडे, सुसाट!

हिशोब करू. सॉनिक स्क्रीनच्या मधोमध आहे, म्हणजे मूळ गेममध्ये पुढचे १२० पिक्सेल दिसतात, इथे फक्त ८८. समजा तो सेकंदाला ४८० पिक्सेल धावतोय. तर काटे दिसल्यापासून आदळेपर्यंत तिकडे ०.२५ सेकंद मिळतात, इकडे ०.१८. माणसाला काही दिसून बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो. कळलं ना? अख्खं चित्र आक्रसून दाखवायची सोय होती, पण त्यात सगळं धूसर दिसायचं.

हा एन-गेज काकांचा. २००६ च्या सुमारास त्यांनी मुंबईत सेकंडहँड घेतला आणि गणपतीला घेऊन आले. करंजी आडवी कानाला लावून बोलायला लागले तशी अख्खी वाडी हसली. आजी म्हणाली, “फसवलं रे तुला!” वर्षभराने काकांनी तो मला दिला. मी दहा वर्षांचा. लोडशेडिंगच्या रात्री मी आणि चुलत दादा खेळायचो. मी सारखा मरायचो. दादा म्हणायचा, “तुझा हातच चालत नाही.” मला ते खरंच वाटायचं. शेवटी आम्ही खड्डे पाठ केले. एकाने खेळायचं, दुसऱ्याने दिसायच्या आधीच ओरडायचं: “उडी!”

आज इंजिनिअर म्हणून बघतो तेव्हा कळतं, हात चालत होता, स्क्रीन कमी पडत होता. पण आणखीही एक गोष्ट कळली. गेम बॉय मी पोलादपुरात कधी कुणाच्या हातात पाहिला नाही. जे गाजलं ते महाग राहिलं. जे फसलं ते सेकंडहँड झालं, स्वस्त झालं, आणि एसटीत बसून आमच्यापर्यंत आलं. जगाच्या इतिहासात एन-गेज म्हणजे चूक. आमच्या घरात तो पहिला कन्सोल.

काकांना मी हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. म्हटलं, “काका, तुम्ही फसला नव्हतात.” ते म्हणाले, “फसलो होतो रे. पण तू खेळलास ना?”

मग दादाला बोलावलं. अजून पाठ आहे त्याला. काटे दिसायच्या आधीच ओरडला.

तुमच्या माळ्यावर काय पडलंय? कळवा. भेटू पुढच्या भागात!