स्लो कुकरमध्ये खिम्याचे कोफ्ते करताना घ्यायची काळजी

कांजूरमार्गच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अनेक घरांत नवरा-बायको दोघेही नोकरी करतात. सकाळी भांडे लावून जायचे आणि लोकलने परतल्यावर गरम जेवण तयार, या सोयीसाठी काहींनी विजेचा स्लो कुकर घेतला आहे. खिम्याचे कोफ्ते त्यात मऊ होतात, कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांनाही सहज चावता येतात. पण खिमा आणि मंद आच ही जोडी समजून घेऊनच वापरावी.

खिम्याची वेगळी काळजी का?

मटणाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात आणि आच लागताच मरतात. खिमा करताना हाच बाहेरचा भाग आत मिसळतो. त्यामुळे कोफ्ता मधोमध नीट शिजला नाही, तर जंतू जिवंत राहतात. 1993 साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या बर्गरमधील ई. कोलाय जंतूंमुळे 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि 4 मुले दगावली. हे जंतू गुरे, शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात असू शकतात.

साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. स्लो कुकर गार भांड्यापासून सुरू केला, की खिमा याच तापमानात बराच वेळ राहतो. सर्वांत धोक्याची सवय म्हणजे कच्चे कोफ्ते सकाळी भरून टायमरने दुपारी कुकर सुरू करणे. मुंबईच्या उकाड्यात तर हे मुळीच करू नये.

कृती

अर्धा किलो ताजा खिमा, किसून पिळलेला एक कांदा, आले-लसूण, कोथिंबीर, गरम मसाला, एक अंडे, दोन चमचे भाजलेले बेसन आणि बेताचे मीठ एकत्र मळा. लिंबाएवढे, सारख्या आकाराचे गोळे करून तव्यावर सगळीकडून परता. कांदा-टोमॅटोचा रस्सा गॅसवर खळखळून उकळा, तो उकळता असतानाच कुकरमध्ये ओता आणि गोळे सोडा. पहिला तास ‘हाय’वर, मग ‘लो’वर चार-पाच तास. झाकण सारखे उघडू नका. गोठलेला खिमा थेट घालू नका. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या.

हळद-टोमॅटोमुळे रंगावरून शिजल्याचा अंदाज येत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मधोमध 71 अंश, चिकन खिम्यात 74 अंश दिसायला हवेत. नसेल तर वाढण्यापूर्वी रस्सा गॅसवर पुन्हा दहा मिनिटे उकळा. मी तरी हेच सुचवेन. वीज गेली आणि किती वेळ गेली होती ते कळले नाही, तर पैशांचा विचार न करता ते टाकून द्या.

कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी वर आलेला तवंग काढून टाकावा. रक्तदाब असेल तर तयार मसाल्याच्या पाकिटातले मीठही हिशेबात धरा.

उरलेले दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. पुन्हा गरम करताना गॅसच वापरा, स्लो कुकर नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जुलाबात रक्त, सतत उलट्या, जास्त ताप किंवा लघवी कमी होणे दिसले तर थांबू नका. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना लवकर दाखवा. तोवर ओआरएस द्या. जुलाब थांबवणारी गोळी किंवा घरात उरलेले अँटिबायोटिक मनाने देऊ नका, काही ई. कोलायच्या आजारात त्यामुळे मूत्रपिंडाचा धोका वाढू शकतो.